सूर्याला पडलेले खळे

एका शब्दाला दोन अर्थ असणे ही मराठीत नवलाची गोष्ट नाही; पण 'खळे' या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना जसे शोभतात, तसे फार थोड्या शब्दांचे शोभत असतील. शेतातली जमीन चोपून, शेणाने सारवून, मधोमध तिवडा रोवून ज्या वर्तुळात बैलांची पात फिरे ते खळे. आणि सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती कधी कधी फिकट तेजाचे जे कडे उमटते तेही खळेच. ज्या कुणी पहिल्यांदा मान वर करून आभाळातल्या त्या कड्याला हे नाव दिले असेल, त्याने सूर्याला तिवड्याच्या जागी पाहिले असले पाहिजे. दुसऱ्या कुणाला तिथे देवामागची प्रभावळ दिसली असती, कुणाला राजाचे छत्र दिसले असते. या माणसाला मळणी दिसली.

जमिनीवरची खळी आता जवळजवळ नाहीशी झाली आहेत. मळणीयंत्र बांधावर येते, धुरळा उडवते आणि दोन तासांत पोती भरून निघून जाते. तिवडा म्हणजे काय हे मुलांना फळ्यावर चित्र काढून सांगावे लागते. आभाळातले खळे मात्र अजून पडते, आणि ते पडले की आमच्याकडची माणसे अजूनही घटकाभर थांबून वर पाहतात.

आमच्याकडची म्हणजे नांदूरघाटची. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले हे गाव. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. पाऊस पडला तर काळी जमीन सोने पिकवते, न पडला तर तीच जमीन हातभर भेगा दाखवते. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास सांगतात. पण सरासरी हा शब्द पुस्तकातच सुखाने नांदतो. शेतात तो कधी अतिवृष्टी होऊन येतो, कधी येतच नाही. अशा ठिकाणी आभाळाकडे पाहणे हा करमणुकीचा विषय नसतो. पंचांगातली नक्षत्रे आणि त्यांची वाहने, सहदेव-भाडळीच्या नावावर चालत आलेली पर्जन्याची वचने, कावळ्याचे घरटे, मुंग्यांची अंडी, आणि ज्येष्ठाच्या तोंडावर चंद्राला पडलेले खळे, या साऱ्यांचा मेळ घालून माणसे एकच प्रश्न सोडवीत असतात. तो प्रश्न वर्षाच्या भाकरीचा असतो.

म्हणून खळ्याविषयी लिहायचे ते निव्वळ शोभेचे लिहिता येत नाही. आभाळात एक खूण दिसते. तिचा अर्थ काय? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, तो अर्थ दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कुणाला, आणि कोणत्या अटीवर?

आधी खूण म्हणजे काय ते नीट पाहू. जमिनीपासून आठ-दहा किलोमीटर उंचीवर, कधी त्याहूनही वर, पांढुरक्या मलमलीसारखे पातळ ढग पसरतात. त्यांना तंतुस्तर मेघ म्हणतात. ते इतके विरळ असतात की त्यांतून सूर्य दिसत राहतो आणि जमिनीवर आपली सावलीही पडते. खाली वैशाखात पारा बेचाळीस अंशांना टेकलेला असतो, त्याच घटकेला तिथे वर शून्याखाली तीस-चाळीस अंशांची थंडी असते. त्या थंडीत ढगातले पाणी बर्फाच्या बारीक स्फटिकांच्या रूपात असते. हा स्फटिक षट्कोनी असतो. बर्फाच्या या सहा कोनांनी थोरामोठ्यांना वेड लावले आहे. ग्रहांच्या कक्षा सांगणाऱ्या केप्लरने १६११ मध्ये हिमकणांच्या षट्कोनावर एक छोटेखानी पुस्तिकाच लिहिली.

मुलांच्या कंपासपेटीतली सहा बाजूंची पेन्सिल डोळ्यांसमोर आणा. ती काचेची आहे आणि केसाहून फार जाड नाही अशी कल्पना करा. आभाळातले कितीतरी स्फटिक थेट याच आकाराचे असतात. सूर्याचा किरण पेन्सिलीच्या एका बाजूतून आत शिरतो, लगतची एक बाजू सोडून तिच्या पलीकडच्या बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन होतो, आणि तो स्फटिक लोलकाचे काम करू लागतो. बर्फाचा धर्म असा की, या वाटेने जाणारा किरण कमीत कमी सुमारे २२ अंशांनी वळतो. त्याहून कमी वळणे त्याला शक्य नसते. जास्त वळणारे किरण असतात, पण २२ अंशांच्या आसपासच त्यांची दाटी होते. त्या दाटीमुळे सूर्यापासून २२ अंशांवर तेजाचे कडे दिसते. कड्याची आतली किनार तांबूस आणि रेखीव असते, बाहेरची बाजू पांढरट होत विरून जाते, आणि कड्याच्या आतले आभाळ बाहेरच्यापेक्षा थोडे काळसर वाटते. कारण तिथून वळून येणारा प्रकाशच नसतो. रात्री चंद्राचा उजेड मंद, म्हणून डोळ्याला रंग फारसा कळत नाही. नुसते दुधी कडे दिसते.

याच स्फटिकांच्या बाजू आणि माथा यांच्यामध्ये नव्वद अंशांचा कोन असतो. त्यातून जाणारा प्रकाश ४६ अंशांवर दुसरे, फार मोठे आणि फार क्वचित दिसणारे कडे काढतो. स्फटिक पेन्सिलीसारखे लांबट नसून चकतीसारखे चपटे असले आणि झाडाची पाने उतरावीत तसे आडवे तरंगत उतरत असले, तर सूर्य खाली असताना त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन तेजस्वी ठिपके उमटतात. पाहणाऱ्याला आभाळात तीन सूर्य असल्याचा भास होतो. आपल्याकडे त्यांना प्रतिसूर्य असे सुंदर नाव पूर्वीपासून आहे.

कड्याचे माप घरच्या घरी घेता येते. हात सरळ लांब करावा आणि पंजा पूर्ण फाकवावा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर डोळ्याला अंदाजे वीस-बावीस अंशांचे भरते. अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी कड्याला लागते. सूर्यावर हा प्रयोग करू नये; त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे घातक आहे. आजोबांचा पंजा मोठा आणि नातीचा लहान, पण हातांची लांबीही त्याच प्रमाणात असते. म्हणून दोघांचे माप जुळते. चंद्राला अगदी बिलगलेले जे लहानसे रंगीत कडे कधी दिसते ते या मापात बसणार नाही. ते पाण्याच्या बारीक थेंबांचे काम असते, आणि ते खळे नव्हे.

एवढे कळल्यावर एक हिशोब मनात येतो. या पातळ ढगातले सगळे बर्फ वितळवून जमिनीवर सारखे पसरले, तर किती पाणी होईल? मिलिमीटरच्या काही शतांशांइतके, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीइतकाही थर होणार नाही. आणि तेवढेही खाली पोचत नाही. उतरता उतरता वाटेतल्या कोरड्या हवेत विरून जाते. दुष्काळी गावावर खळे पडते तेव्हा माणसांच्या डोक्यावर पाणी असते हे खरेच आहे. ते दिसते, चमकते, मोजता येते. फक्त ते पिता येत नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते वाचकांना आठवत असेल. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण आमच्या केज तालुक्यातल्या धनेगावचे. ते कोरडे पडले होते. दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर चालून आली. आभाळातले पाणी दहा किलोमीटरवर आणि नळाचे साडेतीनशे किलोमीटरवर! त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, त्या वेळच्या औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमाने उडवून मराठवाड्याच्या ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग करण्यात आला होता. अशा प्रयोगांत चांदीचे आयोडाइड वापरतात, ते त्याच्या स्फटिकाची घडण बर्फाच्या घडणीशी फार जुळती आहे म्हणून. माणूस आभाळाला त्याच्याच भाषेत विनवू पाहत होता, असे म्हटले तरी चालेल. पण ज्या ढगात मुळात पाणी पुरेसे नाही, त्याला कुठल्याही भाषेत विनवून उपयोग नसतो.

आता खुणेच्या अर्थाकडे वळू. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत परिवेषावर, म्हणजे खळ्यावर, एक स्वतंत्र अध्याय लिहिला आणि प्रतिसूर्यावर दुसरा. गंमत अशी की, परिवेषाच्या अध्यायाच्या आरंभी तो कारण सांगतो. सूर्यचंद्राचे किरण वाऱ्याने मंडलाकार होऊन विरळ ढगांच्या आभाळात उमटतात, असा त्याचा आशय आहे. विरळ ढग, किरण आणि मंडल. दुर्बीण नाही, विमान नाही, तरी बुद्धी किती जवळ पोचली होती! आणि पुढच्याच श्लोकांपासून तो फळे सांगू लागतो: अमुक रंगाचे खळे असले तर पाऊस, तमुक रंगाचे असले तर राजाला भय. एकाच अध्यायात कारण आणि फळ शेजारी शेजारी नांदतात, आणि त्या थोर माणसाला त्यात काही विसंगती वाटत नाही.

आपण त्याला हसण्याचे कारण नाही. १४६१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडात मॉर्टिमर्स क्रॉस येथे लढाईच्या सकाळी आभाळात तीन सूर्य दिसले आणि सैन्य घाबरले. अठरा वर्षांच्या एडवर्डने सांगितले की, हे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा होत, देव आपल्या बाजूला आहे. त्याने लढाई जिंकली, पुढे तो राजा झाला आणि सूर्य त्याचे बोधचिन्ह ठरले. पण त्या सकाळचे आभाळ दोन्ही सैन्यांवर सारखेच पसरलेले होते. ज्यांचा पराभव झाला त्यांच्यावरचे सूर्य काही वेगळे नव्हते. २० एप्रिल १५३५ रोजी स्वीडनच्या स्टॉकहोम शहरावर कड्यांचे आणि प्रतिसूर्यांचे जाळे उमटले. राजा गुस्ताव वासा याने धर्मव्यवस्थेत जे बदल चालवले होते त्यांवर देवाचा कोप झाला, अशी कुजबुज सुरू झाली. ओलाउस पेत्री या धर्मोपदेशकाने त्या दृश्याचे चित्र काढवून चर्चमध्ये लावले, आणि राजाला तो आपल्यावरचा रोख वाटला. त्या चित्राची १६३६ मधली प्रत तिथे आजही आहे. आकाशात जे होते ते बर्फ आणि प्रकाश. राजाला त्यात बंड दिसले, प्रजेला कोप दिसला.

रोमवर १६२९ मध्ये असेच प्रतिसूर्य दिसले, त्यांची वार्ता देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञापर्यंत पोचली. त्याने फळ विचारले नाही, कारण शोधायला घेतले, आणि १६३७ मध्ये वातावरणावरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याचे उत्तर पुरते बरोबर नव्हते. साठ अंशांच्या लोलकाचे स्पष्टीकरण त्याच शतकात मारियोतने दिले. तेव्हापासून खळ्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. पण २४ मे २०२१ रोजी बंगळूरवर सूर्याला खळे पडले, तेव्हा महामारीच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत कोंडलेली माणसे गच्च्यांवर आली, मोबाईलने छायाचित्रे काढू लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे उत्तर हाताशी असले तरी अशा दिवसांत आभाळात खूण दिसली की मन विचारतेच: हे आपल्याला उद्देशून आहे काय?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खळ्यावरून पावसाचा अंदाज बांधणे म्हणजे मांजर आडवे गेले म्हणून परत फिरणे नव्हे. थंड देशांत मोठ्या पावसाच्या पुढे हे पातळ ढग पुष्कळदा एक-दोन दिवस आधी चालतात, आणि तिथले जुने खलाशी व मेंढपाळ त्यांच्यावर विसंबत आले ते अगदीच अकारण नव्हे. आपल्याकडेही दूरवर गडगडाटी ढग उंच चढले किंवा समुद्रात वादळ उठले, म्हणजे त्यांच्या माथ्यावरचे बर्फ वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर पसरते आणि आपल्या चंद्राला खळे पडते. कुठेतरी पाऊस आहे, एवढे ते सांगते. तो कुठे आहे, आपल्याकडे येणार की नाही, आणि आला तर किती पडणार, हे ते सांगत नाही. म्हणजे खूण खोटी नाही; ती अर्धी खरी आहे. आणि साफ खोट्याहून अर्धे खरे अधिक महाग पडते, कारण त्याच्या खऱ्या अर्ध्याला साक्षीदार असतात.

किती महाग पडते ते पेरणीत कळते. मृग लागण्याआधी कोरड्या मातीत बी टाकण्याला आमच्याकडे धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर आठवडा पदरात पडतो. नाही आला, किंवा एक सर येऊन उघडीप पडली, तर कोंब करपतात आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे उधारीचे, खत उधारीचे, आणि उधारीला व्याज असते. जमिनीत चांगली ओल जाईपर्यंत, साधारण पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असे शेतीखाते दरसाल सांगते. पण शेजाऱ्याची तिफण फिरताना पाहून थांबणे किती कठीण, हे खात्याच्या पत्रकात लिहिलेले नसते.

मास्तरकी करणाऱ्या माणसाला गावात अनेक गोष्टींचे उत्तर द्यावे लागते. मागे एका ज्येष्ठात एक म्हातारे शेतकरी शाळेच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, रातीला चंद्राला खळं पडलं व्हतं. धूळपेर करावी म्हणतो."

मी म्हणालो, "आबा, खळं खरंच पडलं होतं, मीही पाहिलं. पण ते फार उंचावरचं बर्फ असतं. आपल्या शिवारात पाऊस कधी येईल अन् किती येईल, ते त्यात लिहिलेलं नसतं. थोडं थांबावं."

आबा हसले. "ते मलाबी ठावं हाय, गुरुजी. साठ पावसाळे बघितले. पर कुनीतरी व्हय म्हनावं, असं वाटतं बघा."

त्या एका वाक्याने सारा प्रश्न वेगळ्या जागी नेऊन ठेवला. आपण शिकलेले लोक असे धरून चालतो की, समोरचा माणूस अज्ञानात आहे आणि त्याला कारण सांगितले की आपले कर्तव्य संपले. पण आबांना अज्ञान नव्हते. खुणेवर भरवसा नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त अनुभवाने कळलेले होते. त्यांना हवा होता तो निर्णयाचा भार वाटून घेणारा कुणीतरी. बी टाकले तरी धोका, न टाकले तरी धोका. आणि दोन्ही धोके एकट्याच्या डोक्यावर. अशा वेळी माणूस आभाळाला विचारतो, पंचांगाला विचारतो, गुरुजींना विचारतो. तो अंदाज विचारीत असतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो सोबत मागत असतो.

मग सोबत म्हणून 'होय' म्हणावे काय? मला वाटते, नाही. जो शकुन सांगतो त्याचे बियाणे त्या शेतात पडलेले नसते, ही या व्यवहारातली खरी अनीती आहे. वराहमिहिराच्या नावावर फळ सांगणारा, दूरचित्रवाणीवर बसून वर्षफल सांगणारा, भ्रमणध्वनीवर ठाम शब्दांत पावसाची तारीख देणारा, आणि दयेपोटी 'होय' म्हणणारा मास्तर, या चौघांत या बाबतीत फरक नाही. कोंब करपले तर चौघेही आपापल्या घरी जेवलेले असतात. दुसऱ्याच्या आशेला हात लावायचा तर तिच्या नुकसानीतही आपला वाटा हवा. तो घ्यायची तयारी नसेल, तर आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगावे आणि ठाऊक नाही तिथे थांबावे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. 'आबा, ते नुसते बर्फ आहे' असे म्हणून छत्री उघडून घरी जाणारा माणूस सत्यवादी ठरत नाही. त्याने सत्याचा सोपा भाग सांगितला आणि अवघड भाग आबांवर सोडला. आशेचा आधार काढून घ्यायचा, तर दुसरा आधार पुढे करण्याची जबाबदारी काढून घेणाऱ्यावर येते. बियाण्याची अर्धी पिशवी राखून ठेवा म्हणावे. पावसाची नोंद कुठे मिळते ते दाखवावे. विम्याचा कागद भरायला बसावे. काहीच जमले नाही तर पाऊस येईपर्यंत रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसावे. सत्य सांगून झाल्यावर तिथेच थांबणे, ही सत्य सांगण्याची किंमत आहे.

इथे जमिनीवरच्या खळ्याची आठवण होते. रास तयार झाली की खळ्यावर सुतार येई, लोहार येई, चांभार, कुंभार येई. ज्यांचे हात वर्षभर त्या शेताला लागले होते, ते राशीत आपला वाटा मागायला उभे राहत. त्या वाटणीत अन्याय पुष्कळ होता. कुणी किती दूर उभे राहायचे आणि कुणाला काय द्यायचे हे जातीने ठरवलेले होते, आणि ती रीत गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण एक तत्त्व त्यात होते ते घेण्यासारखे आहे: ज्याचा श्रमात वाटा, त्याचाच राशीत वाटा. आभाळातल्या खळ्यालाही हाच न्याय लावावा. ज्याचा नुकसानीत वाटा, त्यानेच अर्थ सांगावा.

आता कुणी म्हणेल, कारण कळले म्हणजे खळ्याची मौज जाते, आणि माणसाच्या जगण्यातली थोडी ओलही जाते. ही शंका जुनी आहे. पण अनुभव तसा नाही. आपल्या वेदान्तात भ्रमाचे दोन प्रकार सांगतात. दोरीवर साप दिसतो. दिवा आणला की साप जातो तो पुन्हा येत नाही. पण स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्फटिक तांबडा दिसतो. तो मुळात तांबडा नाही हे कळल्यावरही तो तांबडाच दिसत राहतो. पहिला निरुपाधिक भ्रम, दुसरा सोपाधिक. खळे हे दुसऱ्या जातीचे, आणि योगायोग असा की तेही स्फटिकांचेच. कारण कळले तरी ते पुसले जात नाही. पुसली जाते ती फक्त भीती, आणि उगीच टाकलेला भरवसा. राहते ते कडे, आणि ते पहिल्याहून अधिक सुंदर दिसते, कारण आता त्याच्याशी आपले काही देणेघेणे उरलेले नसते.

आणखी एक गोष्ट कारण कळल्यावरच ध्यानात येते. खळे आभाळात कुठे एके ठिकाणी टांगलेले नसते. माझ्या डोळ्यांत ज्या स्फटिकांचा प्रकाश येतो ते वेगळे. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ज्यांचा येतो ते वेगळे. म्हणजे काटेकोर बोलायचे तर प्रत्येकजण आपापले खळे पाहतो. शिवाय स्फटिक सारखे खाली उतरत असतात. एक क्षणभर चमकून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. वारकरी पुढे जात राहतात आणि दिंडी तेवढी दिसत राहते, तसे ते आहे. इतके खाजगी, इतके क्षणिक. तरीही सर्वांचे माप एकच, २२ अंश. राजाचे, बंडखोराचे, जिंकलेल्याचे, हरलेल्याचे, आबांचे आणि माझे. आपण जे दुसऱ्याला खात्रीने देऊ शकतो ते हे माप. त्याच्या मनात त्या कड्यामुळे काय उठते, भीती की आशा, ते त्याचे त्याच्यापाशी. तिथे हुकूम चालवण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि तिथे एकटे सोडून जाण्याचाही नाही.

दिवाळीची रात्र अमावास्येची. तेव्हा खळे पाहायला चंद्र नसतो, पणत्याच पाहायच्या. पण पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. तोवर आमच्याकडची कितीतरी घरे कुलपात गेलेली असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, आणि पुष्कळ घरांत मागे राहतात ती म्हातारी माणसे व शाळेत जाणारी पोरे. त्या रात्री वरचा पातळ ढग पुरेसा दूरवर पसरलेला असला, तर फडावरच्या कोपीबाहेर आईला चंद्राला खळे दिसेल आणि इथे अंगणात आजीच्या मांडीवर बसलेल्या पोरालाही दिसेल. दोघांचे खळे एक नसेल. पण दोघांनी हात लांब करून पंजा फाकवला आणि अंगठा चंद्रावर ठेवला, तर दोघांचीही करंगळी कड्यालाच लागेल. पोराला एवढे शिकवून ठेवावे. आई उद्या येईल की परवा, हे खळ्यावरून सांगू नये. ते कुणी विचारलेच, तर त्याच्याजवळ बसावे.